खोली क्रमांक 517

डॅनी कॅसोलारो हे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल. 10 ऑगस्ट 1991 रोजी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, मार्टिन्सबर्ग नावाच्या लहानशा शहरात, एका हॉटेलच्या 517 क्रमांकाच्या खोलीत हा चव्वेचाळीस वर्षांचा मुक्त पत्रकार मृतावस्थेत सापडला. बाथटबमध्ये देह, मनगटांवर जखमा आणि जिवलगांची क्षमा मागणारी छोटीशी चिठ्ठी. माहिती देणाऱ्या कुणाला तरी भेटायला तो तिथे गेला होता. कायम जवळ बाळगलेली त्याची कागदपत्रं मात्र सापडली नाहीत, असं घरच्यांचं म्हणणं. स्थानिक यंत्रणेने ही आत्महत्याच धरली.

तो ज्या प्रकरणाचा माग काढत होता, त्याची सुरुवात अगदी रुक्ष होती. इन्सलॉ नावाच्या कंपनीने सरकारी वकिलांच्या कचेऱ्यांसाठी ‘प्रॉमिस’ हे सॉफ्टवेअर केलं होतं. कुठला खटला कुठे अडलाय, हे त्यावरून कळायचं. 1982 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी सुमारे एक कोटी डॉलरचा करार झाला, मग पैसे थकले, वाद पेटला आणि 1985 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. खात्याने लबाडी आणि फसवणूक करून सॉफ्टवेअर बळकावलं, असा निकाल दिवाळखोरी न्यायालयाचे न्यायाधीश जॉर्ज बेसन यांनी दिला. वरच्या न्यायालयाने तो कायम केला. मे 1991 मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, पण कारण अधिकारक्षेत्राचं होतं. (पुढे 1997 मध्ये दुसऱ्या एका न्यायालयात इन्सलॉ हरली, हेही सांगायला हवं.)

कॅसोलारो इथे थांबला नाही. इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याचं इराण-कॉन्ट्रा प्रकरण, गैरव्यवहारांसाठी बदनाम झालेली बीसीसीआय बँक, हेरखात्यातली माणसं, सगळी त्याला एकाच जाळ्यात गुंतलेली दिसू लागली आणि त्या जाळ्याला त्याने ‘ऑक्टोपस’ म्हटलं. मी वृत्तपत्रात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून त्याच्याविषयी माझ्या मनात कळवळाही आहे आणि काळजीही. त्याचा एक मोठा माहितगार, मायकेल रिकोनोशुटो, त्याच वर्षी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात पकडला गेला होता. अशी माणसं तीन गोष्टी खऱ्या सांगतात आणि चौथी त्यात बेमालूम मिसळून देतात. एकट्याने काम करणाऱ्या पत्रकाराच्या पाठीशी संपादक नसतो, वकील नसतो, ‘हे छापू नकोस, आधी कागद आण’ असं दरडावणारंही कुणी नसतं. खरं-खोटं त्याला एकट्यालाच निवडावं लागतं.

त्याला कुणी मारलं का? आत्महत्येकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी खऱ्या आहेत. या शोधावर लिहायच्या पुस्तकाला प्रकाशक मिळत नव्हता, कर्ज डोक्यावर होतं, खोलीत झटापटीच्या खुणा नव्हत्या. दुसऱ्या बाजूला त्याचा भाऊ आहे, स्वतः डॉक्टर. धमकीचे फोन येत होते आणि आपल्याला काही झालं तर तो अपघात समजू नका, असं डॅनीने बजावलं होतं, हे त्याने जाहीरपणे सांगितलं. यातलं कुठलंही एक पारडं घट्ट धरून बसायची माझी तयारी नाही.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. घरच्यांना कळवलं गेलं ते दोन दिवसांनी. तोवर त्यांच्या परवानगीवाचून मृतदेहावर एम्बामिंग होऊन गेलं होतं. खोलीही धुऊन-पुसून मोकळी झाली होती. संशय जागा झाल्यावर, 14 तारखेला शवविच्छेदन झालं. पण देहात रसायनं गेल्यावर विषाचा माग काढणं अवघड होतं आणि पुसलेली फरशी साक्ष देत नाही. मृत्यू कदाचित आत्महत्येनेच झाला असेल. तसं असेल, तर ते निर्विवाद सिद्ध करण्याची संधी या घाईने घालवली. कटाच्या कहाण्या रचणारे लोक नंतर आले. त्यांना जागा करून दिली ती आधीच्या या बेपर्वाईने. आणि त्यात त्या आईचं, भावंडांचं काय झालं असेल? आपल्या माणसाने स्वतः जीव दिला की त्याचा जीव घेतला, हेही ज्यांना खात्रीने कळू नये, त्यांना दुःख तरी नीट कसं करता येणार?

इन्सलॉचे वकील होते एलियट रिचर्डसन. 1973 मध्ये, वॉटरगेटच्या विशेष सरकारी वकिलाला काढून टाकण्याचा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा आदेश न पाळता अॅटर्नी जनरलपद सोडणारा हा माणूस. त्यांनी या मृत्यूची केंद्रीय चौकशी जाहीरपणे मागितली. 1992 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीनेही आणखी तपास हवा असं लिहिलं. तपास झाला, पण अॅटर्नी जनरलनीच नेमलेल्या निवृत्त न्यायाधीशांकडून, आणि मग खात्याकडूनच. 1994 मध्ये निष्कर्ष कायम झाला : आत्महत्या. तो बरोबर असेलही. पण ज्या न्याय खात्याविरुद्ध कॅसोलारो पुरावे गोळा करत होता, त्याच खात्याने कॅसोलारोच्या मृत्यूवर शेवटचा शिक्का मारला. हा न्याय नव्हे.