बैलाचा ढेकर आणि वर्गणी

मंडळी, आज विषय जरा वासाचा आहे, नाक मुरडू नका. (खरं तर मिथेनला वास नसतोच.)

गाय, बैल, म्हैस चारा गिळतात आणि मग निवांत रवंथ करतात. पोटातले सूक्ष्मजीव तो चारा आंबवतात, त्यातून मिथेन तयार होतो. लोकांना वाटतं तो मागून जातो, पण बहुतेक सगळा ढेकरावाटे तोंडातूनच जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात १९ कोटींवर गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी भरल्या. आमच्या पुतण्यानं ‘काका, आता बैलाला सायलेन्सर बसवायचा का?’ असं विचारलं, म्हणून हे आकडे मुद्दाम दिले.

हा वायू कमी करायला संशोधन हवं, आणि संशोधनाला पैसा. तो कुणी द्यायचा? न्यूझीलंडच्या सरकारनं २००३ साली ठरवलं, की गुरं-मेंढ्या पाळणाऱ्यांकडूनच वर्गणी घ्यावी. शेतकरी खवळले. त्या कराला लोकांनी एक असभ्य नाव दिलं, ते इथं लिहीत नाही. एक खासदार तर ट्रॅक्टर घेऊन संसदेच्या पायऱ्या चढला! शेवटी सरकारनं बेत सोडून दिला.

तिथला शेतकरी शेकड्यांनी गाई बाळगणारा. आपल्या बीडात कुणाकडे वर्गणी मागणार? धारूर, वडवणी, शिरूर, पाटोदा भागातली माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडीबैल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. सुट्टीनंतर शाळा उघडली की माझा वर्ग निम्मा झालेला असायचा. हजेरी घेताना नावामागून नाव गैरहजर. बैलजोडी दारात असते, पण घरावर मुकादमाची उचल असते. अशा माणसाला ‘तुझा बैल ढेकर देतो, पैसे काढ’ म्हणायला माझी तरी जीभ रेटणार नाही. पैसा सरकारनंच घालावा, आणि ज्या देशांनी शे-दीडशे वर्षं धूर सोडला त्यांनीही.

पण पैसा कशावर खर्च व्हावा, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. युरोपात २०२२ साली आणि अमेरिकेत २०२४ साली दुभत्या गाईंसाठी ‘बोव्हेअर’ नावाच्या भुकटीला परवानगी मिळाली. तिनं मिथेन सुमारे ३० टक्के घटतो म्हणतात. आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य केलं. २०२१ साली त्याची बातमी आली, १७ ते २० टक्के घट होते असा दावा होता. संशोधन सरकारी पैशातून झालं, हे उत्तमच. मात्र ही औषधं चाऱ्यात नियमित मिसळावी लागतात. गोठ्यात बांधून, मापानं खाद्य घालणाऱ्याला ते जमेल. आमचा बैल अर्धं वर्ष फडावर उसाचं वाढं खातो आणि उरलेलं अर्धं वर्ष बांधावर चरतो. (टॅनिन म्हटल्यावर बाभळीच्या शेंगा आठवल्या. आकडीनं झोडपून शेळ्यांना घालतात त्या. त्यांत ते भरपूर असतं.)

खाल्लेल्या चाऱ्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा या ढेकरातच उडून जाते. चारा जितका निकस, तितका लिटरभर दुधामागे मिथेन जास्त. म्हणजे शेतकऱ्याचं आणि आभाळाचं नुकसान एकाच तोंडातून होतं. आमच्याकडे ज्वारी मागे पडून सोयाबीन आणि कापूस आला, त्याबरोबर कडबाही गेला. २०१९ च्या दुष्काळात छावण्यांत बांधलेली गुरं ज्यांनी पाहिली, त्यांना चाऱ्याची किंमत सांगायला नको.

परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि कृषी विद्यापीठही. ‘परभणी मोती’ ही ज्वारी तिथलीच. वाढं आणि कडबा पचायला हलका कसा करायचा, बाभळीची शेंग किती घालायची, यावर तिथं दहा वर्षं सलग पैसा मिळावा. प्रयोगासाठी बैल मात्र धारूरच्या घाटातले घ्यावेत.