शंभर मिलिलिटरचा कायदा

प्रवासाला निघालेल्या आपल्या माणसाच्या सामानात काहीतरी ओले असतेच. काशीहून परतणारा गंगाजलाचा गडू आणतो, हजहून येणारा जमजमचे पाणी आणतो, आणि लुर्डला जाऊन आलेली आमची मंडळी तिथल्या झऱ्याचे पाणी बाटलीत भरून घरोघर वाटतात. परदेशी नांदणाऱ्या लेकीकडे निघालेल्या आईच्या पिशवीत घरी कढवलेले तूप असते, तेलात मुरलेले लोणचे असते. एस.टी.ने किंवा रेल्वेने या ओल्या सामानाबद्दल कधी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. झाकण घट्ट लावा, शेजाऱ्याच्या धोतराला डाग पडू देऊ नका, एवढीच काय ती ताकीद. विमानाचे मात्र तसे नाही.

विमानातल्या या निर्बंधाला निश्चित तारीख आहे. १० ऑगस्ट २००६ रोजी लंडनच्या पोलिसांनी एक भयंकर कट उघडकीस आणला. शीतपेयांच्या बाटल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडचे मिश्रण भरून, अटलांटिक महासागर ओलांडणारी अनेक विमाने आकाशातच उडवून द्यायची, असा तो बेत होता. त्या दिवशी ब्रिटनच्या विमानतळांवर तान्ह्या बाळाच्या दुधाचीही चव आईला अधिकाऱ्यांसमोर घेऊन दाखवावी लागली. पुढे ही कडक बंदी सैल झाली आणि अमेरिकेत सप्टेंबर २००६ मध्ये, तर युरोपात त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आज आपल्याला ठाऊक असलेला नियम आला: हातातल्या सामानातील कोणतीही द्रव वस्तू शंभर मिलिलिटरहून मोठ्या पात्रात असू नये, आणि अशी सारी पात्रे एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावावीत. जुन्या क्ष-किरण यंत्रांना पाणी कोणते आणि स्फोटक कोणते हे ओळखता येत नव्हते, म्हणून ही मर्यादा. मोजले जाते ते पात्र, आतला द्रव नव्हे. दीडशेच्या बाटलीत तळाशी चार थेंब उरले असले तरी ती बाटली बादच. हे ऐकून अनेकांना हसू येते. पण प्रत्येक बाटलीतले माप घेत बसायला तपासणीच्या रांगेत कुणाला सवड आहे?

इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. कारण समजले की माणूस गैरसोय सोसतो.

तक्रार सुरू होते ती पुढे. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात पाण्याची बाटली सहसा बिनबोभाट आत जाते. परदेशी जाताना तीच रिकामी करावी लागते. ब्रिटनने नवी, त्रिमिती चित्र दाखवणारी यंत्रे बसवायला विमानतळांना जून २०२४ पर्यंतची मुदत दिली होती. ज्या छोट्या विमानतळांनी ती वेळेत बसवून मर्यादा उठवली, त्यांच्यावर त्याच जून महिन्यात ती पुन्हा लादली गेली. युरोपीय संघानेही १ सप्टेंबर २०२४ पासून तेच केले. २०२५ च्या जुलैपासून एडिंबरासारख्या ठिकाणी दोन लिटरपर्यंतची बाटली चालू लागली. म्हणजे एकाच प्रवासात, एकाच दिवशी, तीच बाटली एका दारात निरुपद्रवी आणि दुसऱ्या दारात संशयित!

मी स्वतः मिस्साचा द्राक्षारस एका इवल्याशा बाटलीत नेतो. पन्नास मिलिलिटरची ती बाटली एका विमानतळावर कुणी पाहिलीही नाही, दुसऱ्यावर झाकण उघडून हुंगली गेली, आणि तिसऱ्यावर पारदर्शक पिशवी नाही म्हणून बाजूला काढली गेली. माझे फारसे बिघडले नाही. द्राक्षारस कुठेही मिळतो.

पण पालमच्या बापूंचे आणि मावशींचे बिघडले. मी परभणी जिल्ह्याच्या ज्या भागात राहतो तिथे विमान म्हणजे वर मान करून पाहण्याची वस्तू. कापसाच्या आणि सोयाबीनच्या शेतीवर लेकीला शिकवून त्यांनी विलायतेला पाठवले, आणि तिच्या बाळंतपणासाठी दोघे निघाले. पालमहून लोह्यामार्गे नांदेड, नांदेडहून रेल्वेने हैदराबाद, आणि पुढे आखाती देशात विमान बदलून ब्रिटन. आदल्या वर्षी मुलाबरोबर ते दिल्लीला विमानाने जाऊन आले होते. तेव्हा तुपाची बरणी आणि पाण्याची बाटली हातातल्या पिशवीतून सुखरूप गेली होती. त्यामुळे ‘हे चालते’ अशी त्यांची समजूत झाली, आणि तिच्यात गैर काहीच नव्हते. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले होते.

या वेळी बरणी पहिल्याच तपासणीत गेली. पाण्याची बाटली ओतून टाका, असे जवानाने सांगितले. बापूंनी ती ओतली नाही. उभ्या उभ्या सारे लिटरभर पाणी ते पिऊन गेले. वाचकमित्रहो, हा हट्ट समजायला मराठवाड्यात राहावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आमच्याकडेही हंड्यांच्या रांगा होत्या. टँकरखाली सांडलेले पाणीसुद्धा वाटीने भरणाऱ्या माणसाला स्वच्छ पाणी डब्यात ओतायला सांगणे ही साधी गोष्ट नाही.

तूप गेले, हळहळ वाटली, संपले. औषधाची गोष्ट निराळी. मावशींना दम्याचा त्रास आहे. त्यांच्या पातळ औषधाची दोनशे मिलिलिटरची बाटली डॉक्टरांची चिठ्ठी पाहून आपल्याकडे सोडली. प्रवासापुरत्या औषधाला नियमात सवलत आहे, आणि ती द्यायलाच हवी. विमान बदलताना मात्र तिथल्या अधिकाऱ्याला ती चिठ्ठी वाचता येईना. मावशींना मराठीखेरीज भाषा येत नाही, बापूंचे हिंदी तोडके. बाटली टोपलीत गेली. पुढचे सात-आठ तास मावशी पाठ न टेकता, पुढच्या आसनाला कपाळ लावून बसून होत्या, आणि बापू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. परतताना लेकीच्या गावाजवळच्या विमानतळावर नवे यंत्र होते. “काहीच बाहेर काढू नका,” असे सांगून पाण्याच्या बाटलीसकट सारे आत सोडले. आखातात पुन्हा सगळे बाहेर!

“फादर,” बापू मला म्हणाले, “पाणी तेच, बाटली तीच, माणूस तोच. मग हितं चांगलं अन् तिथं वाईट, हे कसं काय?”

पुण्याच्या सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस शिकवीत. कायदा कशाला म्हणावे यासाठी त्यांनी चार कसोट्या सांगितल्या आहेत: तो बुद्धीला धरून असावा, सर्वांच्या हिताचा असावा, समाजाची धुरा ज्याच्याकडे आहे त्याने केलेला असावा, आणि तो जाहीर केलेला असावा. विद्यार्थिदशेत ही चौथी कसोटी मला किरकोळ वाटे. आता वाटते, सामान्य माणसाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी. युरोपच्या न्यायालयालाही ती मोठी वाटली. सप्टेंबर २००५ मध्ये व्हिएन्नाच्या विमानतळावर हाइनरिश नावाच्या एका प्रवाशाला हातातल्या सामानात टेनिसच्या रॅकेटी आहेत म्हणून विमानातून उतरवण्यात आले. कोणत्या वस्तूंना बंदी आहे याची यादी युरोपीय संघाने तेव्हा गुप्त ठेवली होती. १० मार्च २००९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की जे प्रसिद्धच केले नाही, ते नागरिकावर बंधनकारक होऊ शकत नाही.

सुरक्षेच्या बाजूने एक उत्तर दिले जाते, आणि ते पोकळ नाही. तपासणी ठराविक साच्याची झाली तर कट करणारा तो साचा पाठ करतो. म्हणून ती थोडी अनपेक्षित ठेवावी लागते. २४ डिसेंबर १९९९ रोजी, नाताळच्या पूर्वसंध्येला, काठमांडूहून निघालेले आपले विमान कंदहारला पळवून नेले गेले. त्यानंतरच विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली. रात्रंदिवस इतरांच्या पिशव्यांत डोकावणाऱ्या त्या जवानांवर मला दोष ठेवावासा वाटत नाही. पण कुणाला थांबवून झडती घ्यायची हे अनपेक्षित असणे वेगळे, आणि कोणती वस्तू न्यायची हेच अनपेक्षित असणे वेगळे. पहिल्याने कपटी माणूस गोंधळतो. दुसऱ्याने फक्त मावशी गोंधळतात.

मनात आणले तर नीट सांगता येते, याचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. शबरीमलाचे यात्रेकरू इरुमुडीत तुपाने भरलेला नारळ नेतात. हातातल्या सामानात नारळाला मनाई होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक खात्याने २० जानेवारी २०२५ पर्यंत त्याला मुभा दिली. क्ष-किरण, स्फोटकांची चाचणी आणि हाताने तपासणी, या तिन्ही अटींसह. काय, कुठवर, कोणत्या अटीवर, हे सारे वृत्तपत्रांत छापून आले. यात्रेकरू घरून निघण्यापूर्वीच त्याला ते ठाऊक होते.

आमच्या बापूंना ते केव्हा कळले? मनाई केलेल्या वस्तूंचा चित्रफलक त्यांनी पाहिला तो सुरक्षा तपासणीच्या रांगेत, मोठ्या पेट्या विमान कंपनीच्या स्वाधीन करून झाल्यावर. तोवर तूप त्या पेटीत ठेवण्याची वेळ निघून गेली होती. तोच फलक पेट्या वजन करण्याच्या काट्यापाशी, मराठीत आणि तेलुगूत लावला असता तर बरणी लेकीच्या घरी पोहोचली असती. आणि तिकिटाबरोबर, वाटेतल्या प्रत्येक विमानतळावर औषधासाठी कोणता कागद, कोणत्या भाषेत लागेल, एवढे छापून मिळाले असते तर चिठ्ठी इंग्रजीत टंकलिखित करून देण्याचे काम आमच्या गावातही पाच मिनिटांत झाले असते.

मावशी पुढच्या उन्हाळ्यात नातवाला पाहायला पुन्हा जायचे म्हणतात. तुपाचा प्रश्न त्यांनी आपल्यापुरता सोडवला आहे. तूप सगळे डिंकाच्या लाडवांत जिरवायचे. लाडू घन की द्रव, हे त्यांनी मला दोनदा विचारून घेतले आहे.