रात्रीची शिदोरी

प्रवासास निघावयाचे म्हटले म्हणजे पूर्वी घरातील वडील माणसे प्रथम शिदोरीचा विचार करीत. माणसे किती, मुक्काम किती, वाटेत पाणी कोठे मिळेल, हे ठरल्यावाचून दशम्यांचे पीठ मळले जात नसे. आज ती चिंता फारशी उरलेली नाही. परंतु गेल्या वर्षी आम्हांस एका निराळ्याच शिदोरीची काळजी वाहावी लागली. ती शिदोरी विजेची होती. ती बांधताना आमच्या हातून जी चूक घडली, ती सांगितल्याने दुसऱ्या एखाद्या कुटुंबाची रात्र तरी सुखाची जाईल, म्हणून हा लेखप्रपंच.

कॅलिफोर्नियात सांता क्लारा येथे आम्हां उभयतां बंधूंचे बिऱ्हाड एकत्र आहे. तीर्थरूप दादा व मातोश्रीही आमच्यापाशीच असतात. मुलांच्या हट्टास्तव आम्ही मोटारीमागे जोडावयाचा एक लहानसा ट्रेलर घेतला. दोन माणसे निजतील एवढी ती चाकांवरची खोली! ती वडीलधाऱ्यांना व तंबू इतरांना, अशी वाटणी करून गेल्या मे महिन्यात आम्ही योसेमिटीच्या खोऱ्यात गेलो. तेथील मुक्कामाच्या जागांवर विजेची जोडणी नसते. जनरेटर चालविण्यास सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ व सायंकाळी ५ ते ७ एवढीच मुभा. रात्री सक्त मनाई. नदीचा आवाज ऐकावयास आलेल्या माणसास हा नियम आवडावा असाच आहे. परंतु दादांना झोपेत श्वास अडखळण्याची, स्लीप ॲप्निया नावाची, व्याधी आहे. नाकावर मुखवटा बांधून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र रात्रभर चालले, तरच त्यांस खरी झोप लागते.

यासाठी आम्ही हातात धरून नेता येईल असा एक बॅटरीचा डबा घेतला होता. डब्यावर ठळक अक्षरांत ३०० वॉट असे लिहिले होते. यंत्रास ५५ वॉट लागतात. म्हणजे काम झाले, असा आमचा हिशेब! रात्री साडेदहास यंत्र सुरू झाले आणि सव्वादोनच्या सुमारास डबा रिकामा होऊन बंद पडला. मातोश्रींनी हाक मारली तेव्हा दादा अंथरुणात बसले होते. “तुम्ही निजा, मला बसून बरे वाटते,” असे ते म्हणाले खरे. पण उजाडेपर्यंत पित्याजवळ शाल पांघरून बसलेल्या आम्हांस आमच्या शिक्षणाची जी लाज वाटली, ती अद्याप विसरलेली नाही.

चूक साधी होती. वॉट हा आकडा नळाची तोटी केवढी ते सांगतो. हौदात पाणी किती, हे वॉट-तासांवरून कळते. आमच्या डब्याची तोटी ३०० वॉटांची, परंतु हौद अवघा २४० वॉट-तासांचा होता. त्यातही बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करून देताना शेकडा १० ते १५ भाग वाया जातो. उरलेल्या २०५ ते २१५ वॉट-तासांना ५५ ने भागले असते, तर रात्र अर्ध्यावरच संपणार हे घरीच समजले असते.

परत आल्यावर आम्ही मापकयंत्र आणून एकेक उपकरण मोजले. सीपॅपमध्ये खरी खादाड असते ती हवा दमट करणारी गरम पाण्याची टाकी. ती बंद ठेवून व यंत्रास थेट बॅटरीची वीज देणारी तार जोडून पाहिले, तर सरासरी २० वॉटांत भागले. म्हणजे आठ तासांस ४४० ऐवजी १६० वॉट-तास. दादा लगेच म्हणाले, “टाकी नको.” मातोश्री म्हणाल्या, “घसा कोरडा पडला की झोपेत मुखवटा काढून टाकायचे, ते मला ठाऊक आहे.” अखेर डॉक्टरांना विचारले. दोन-तीन रात्री टाकीवाचून चालेल असे त्यांनी सांगितले, तेव्हाच तो वाद मिटला.

मग घरची सभा भरली. अण्णांना विजेची किटली हवी होती, वहिनींना दुधासाठी शीतपेटी, मुलांना आपापले खेळ. शीतपेटी दिवसाला सुमारे ३६० वॉट-तास घेई. तिच्या जागी बर्फाची पेटी आली. चहा गॅसच्या शेगडीवर ठरला. फोन व दिवे मिळून ११० धरले. असे रोजचे २७० झाले. तीन रात्रींचे ८१०. तेव्हा १००० वॉट-तासांचा डबा पुरेसा होता. अण्णांचा आग्रह २००० चा होता. परंतु त्याचे वजन २० किलोंच्या वर, आणि तो रोज उचलणार कोण, या वहिनींच्या प्रश्नास उत्तर मिळाले नाही.

ट्रेलरमध्ये शिशाची बॅटरी होतीच. ही जात १८५९ साली प्लांते यांनी शोधली. परंतु तिला निम्म्याखाली वारंवार उतरविले तर ती लवकर मरते, आणि वजनही भारी. आम्ही लिथियम-आयर्न-फॉस्फेट या जातीची निवड केली. टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक गुडइनफ, अक्षय पाधी आदींनी १९९७ साली जिच्यावरील निबंध प्रसिद्ध केला, ती हीच. ती जवळजवळ तळापर्यंत वापरता येते, हजारो वेळा भरता येते, आणि इतर लिथियम जातींच्या मानाने पेट घेण्याचे भय कमी. आमचा डबा सुमारे १२ किलोंचा आहे. मात्र पाणी गोठण्याइतकी थंडी असता तिला भरू नये, म्हणून डबा रात्री आतच ठेवावा. उन्हावर वीज देणारे पत्रेही पाहिले. परंतु योसेमिटीच्या उंच पाइन वृक्षांखाली त्यांचा भरवसा नाही. त्यापेक्षा घरूनच डबा काठोकाठ भरून नेणे बरे.

ऑक्टोबरात पुन्हा गेलो. त्या रात्री आम्ही दोनदा ट्रेलरपाशी जाऊन कान दिला. यंत्राचा मंद श्वास चालू होता. सकाळी दादांनी स्वतःच डब्यावरचा आकडा वाचला. शेकडा ७८ उरले होते. मातोश्रींनी पुढे केलेला चहा घेत ते म्हणाले, “बघ, शिदोरीत दशम्या उरल्या आहेत. आज संध्याकाळी मुलांना थोडा वेळ खेळू द्या.”