मी आजीचा बी. पी. मोजते

माझ्या आजीला बी. पी. आहे. मराठीत त्याला रक्तदाब म्हणतात. काकांनी पुण्याहून तो मोजायचे यंत्र आणले. ते चार सेलवर चालते. आई-बाबा रानात जातात आणि आजीला इंग्रजी आकडे येत नाहीत, म्हणून मोजायचे काम माझ्याकडे आहे.

मोजण्याआधी अर्धा तास चहा बंद. मिश्री पण बंद. मग खुर्चीवर पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीला लावून पाच मिनिटे गप्प बसायचे. हेच सगळ्यात अवघड आहे. अंगणात कोंबडी आली तरी आजी तिच्याशी बोलते! हाताखाली मी उशी ठेवते, म्हणजे पट्टा छातीच्या उंचीला येतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटे वर बांधायचा. आजीच्या पोलक्याची बाही घट्ट आहे. ती नुसती वर सरकवली तर दंड आवळतो आणि आकडा चुकतो. म्हणून आजी पदराआड बाहीतून हात बाहेर काढते. मग मी बटण दाबते. घुर्रर्र आवाज होऊन पट्टा फुगतो. वरचा आकडा हृदय आवळते तेव्हाचा, खालचा ते सैल पडते तेव्हाचा आणि तिसरा नाडीचा. एक मिनिट थांबून पुन्हा मोजते. दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहिते.

गुरुजींनी सांगितले की दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची युक्ती इटलीतील डॉक्टर रिव्हा-रोची यांनी १८९६ साली काढली. त्यात पाऱ्याची नळी होती. म्हणून अजूनही रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. आमच्या यंत्रात पारा नाही.

श्रावणात आजीने गोळ्या खायच्या बंद केल्या. म्हणाली, "डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई, मग गोळी कशाला खाऊ?" रविवारी मोजले तर १७२ आणि ९८ आले. दुसऱ्यांदा १६८ आणि ९६. आजी म्हणाली, "तुझं मशीनच खोटं बोलतंय, पोरी." मग मी बाबांना बसवून मोजले. ते ११८ आणि ७६ आले. आजी काहीच बोलली नाही. मला भीती वाटली, कारण आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना बी. पी. वाढून लकवा झाला होता.

दुसऱ्या दिवशी बाबा तिला दवाखान्यात घेऊन गेले. मी वही दिली होती. डॉक्टरांनी सगळी पाने पाहिली. ते म्हणाले, "आजी, रक्तदाब दुखत नाही, म्हणूनच तो मोजावा लागतो." गोळ्या परत चालू झाल्या. घरी मोजल्यावर १३५ आणि ८५ च्या आत यायला पाहिजे, असेही त्यांनी सांगितले. मागच्या रविवारी १३२ आणि ८२ आले.

आता शेजारची काकू पण मोजायला येते. ती नेमकी चहा पिऊनच येते. मग मी तिला अर्धा तास ओट्यावर बसवून ठेवते.