पानातले पाणी

तंबाखूचे पान झाडावरून खुडले गेले, छपराखाली टांगून वाळविले गेले, राशीत रचून आंबविले गेले आणि अखेर कारागिराच्या बोटांखाली चिरुटाचा आकार पावले, तरी पाण्याशी चालत आलेला त्याचा व्यवहार संपत नाही. ज्या हवेत ते ठेवावे तिच्यातून ते ओलावा घेत राहते, आणि ती हवा कोरडी पडली की घेतलेला ओलावा मुकाट्याने परत करते. धूम्रपानाने शरीराची हानी होते हे वैद्यकाने निर्विवाद सिद्ध केले आहे आणि त्याचा प्रतिवाद करण्याचा माझा हेतू नाही. परंतु एखादी नाजूक वस्तू वर्षानुवर्षे जशीच्या तशी राखणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि घरच्या पेटीत चिरूट राखणाऱ्याइतकी ती क्वचितच कोणाला शिकावी लागत असेल.

क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांतात व्हुएल्टा आबाहो नावाचा तांबड्या मातीचा जो विख्यात मुलूख आहे, तेथील पानाचे सारे आयुष्य ओल आणि सुकेपणा यांच्या आळीपाळीने घडते. वाळवणीत ते ठिसूळ होते, राशीतल्या उबेत पुन्हा मऊ पडते, आणि वळण्यापूर्वी त्यावर पाण्याचा शिडकावा करून त्याला ओढले तरी न फाटण्याइतकी लवचिकता आणली जाते. आतली भरणाची पाने म्हणजे त्रिपा, त्यांना बांधून धरणारे कापोते आणि सर्वांवर नेसविलेले तलम कापा, अशा तीन थरांचा चिरूट बनतो. आणि तिन्ही थर सारख्याच प्रमाणात ओलसर असतात तोवरच त्यांची एकी टिकते. हवानाच्या समुद्री हवेत ती बहुतांशी आपसूक टिकते. दूरदेशी रवाना झालेल्या चिरुटाबरोबर मात्र त्याची जन्मभूमीची हवाही न्यावी लागते, आणि लाकडी पेटीत कोंडून नेलेली ती हवा म्हणजेच ह्युमिडॉर.

हवेच्या या कारभाराचे मर्म ‘सापेक्ष’ या एका विशेषणात आहे. वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅमांच्या आसपास बाष्प मावते, तर तीस अंशांवर तीच मर्यादा ३० ग्रॅमांपर्यंत जाते. म्हणून पहाटेच्या गारव्यात जे पाणी मुबलक भासते तेच दुपारच्या उन्हात अपुरे ठरते, आणि एक थेंबही कमी न होता हवा तहानलेली होते. चिरुटाला मानवते ती अठरा ते एकवीस अंशांच्या गारव्यातली ६५ ते ७० टक्के आर्द्रता. ती दीर्घकाळ साठाच्या खाली राहिली की पानातली सुगंधी तेले विरून जातात, कापा कुरकुरीत होऊन तडकते आणि धूर तिखट व तापट होतो. उलट ती पंच्याहत्तरीपलीकडे गेली की बुरशीला मोकळे रान मिळते, भरण फुगते आणि चिरूट ओढता ओढवत नाही.

आता आपल्या मुलखाचे हवापाणी पाहा. पुण्यासारख्या पठारी गावात चैत्र-वैशाखाच्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते आणि श्रावणातल्या सकाळी ती ऐंशीच्याही वर चढते. एकाच वर्षात, एकाच खोलीत, चिरुटाला वाळवंट आणि दलदल या दोहोंचा वास घडतो. मुंबईत व कोकणात सुकेपणाचे भय थोडे, पण तेथे चार महिने सारा बंदोबस्त ओल आवरण्यासाठीच करावा लागतो. शिवाय उष्णतेचे आणखी एक संकट आहे: पानातच दडून आलेली तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी पंचविशीच्या आसपासच्या उबेत फुटतात आणि चिरुटाला सुईने टोचल्यासारखी छिद्रे दिसू लागतात. म्हणून घरातली सर्वांत गार, उन्हापासून दूरची जागा पेटीसाठी मुक्रर करावी, आणि संशय आला तर चिरूट हवाबंद पिशवीत घालून काही दिवस गोठणपेटीत, मग एक दिवस साध्या शीतकपाटात ठेवूनच बाहेर आणावेत.

पेटीचे लाकूडही या व्यवहारातला भागीदारच असते. आतून लावतात ते बहुधा सेड्रेला ओडोराटा या अमेरिकी वृक्षाचे, म्हणजे आपल्या कडुनिंबाच्या आणि तुणीच्याच कुळातले. ते ओल शोषते, वेळेवर परत करते आणि आपला मंद गंध पानाला देते. परंतु नवे लाकूड इतके तहानलेले असते की त्यात चिरूट थेट ठेवले तर ते त्यांच्याच अंगातले पाणी ओढून घेईल; म्हणून आधी ऊर्ध्वपातित पाण्याची वाटी आत ठेवून, आठवडा-दोन आठवडे झाकण मिटून, त्याची तहान सावकाश भागवावी. नळाचे पाणी येथे वर्ज्य मानावे, कारण त्यातले क्षार पेटीत ओल पुरविण्यासाठी ठेवलेल्या स्पंजाची छिद्रे बुजवितात.

आर्द्रता मोजण्याचे काम जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मानवी केसावर सोपविले होते, कारण ओल लागताच केस लांबतो आणि सुकताच आखडतो. आजच्या यंत्रांचीही पारख मात्र घरच्या मिठानेच करता येते. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घेऊन ते विरघळणार नाही इतपतच भिजवावे आणि मापकासह हवाबंद डब्यात दिवसभर ठेवावे. साध्या खोलीच्या तापमानात त्या डब्यातली हवा पंच्याहत्तर टक्क्यांवरच येऊन ठरते, आणि काटा जितका पुढेमागे राहील तितकी त्याची चूक समजावी. पावसाळ्यात शुद्ध मिठाला पाणी सुटते तेही हवेने हीच सीमा ओलांडल्यावर. म्हणजे बरणीतले मीठ पाझरू लागले की चिरुटाचाही धोक्याचा प्रदेश सुरू झाला, असा निसर्गाचा हा विलक्षण मेळ आहे. हल्ली मिळणाऱ्या, दोन्ही दिशांनी काम करणाऱ्या पुड्या संपृक्त द्रावणाच्या याच गुणावर चालतात: हवा कोरडी असेल तर त्या ओल देतात, दमट असेल तर काढून घेतात, आणि म्हणूनच आपल्या दुटप्पी ऋतूंत त्या केवळ पाणीच देऊ जाणणाऱ्या स्पंजापेक्षा अधिक भरवशाच्या ठरतात.

तरीही काट्यावर विश्वास ठेवण्याची एक मर्यादा आहे, आणि ती थोड्या हिशेबाने उमगते. दहा लिटर मापाच्या पेटीतली सबंध हवा, वीस अंशांवर सत्तर टक्के आर्द्र असताना, ०.१२ ग्रॅम एवढेच पाणी बाळगते. त्याच पेटीत प्रत्येकी दहा ग्रॅमांचे २५ चिरूट धरले आणि पानाच्या वजनाचा सुमारे आठवा हिस्सा पाणी मानला, तर पानांजवळ तीसेक ग्रॅमांचा ठेवा आहे. झाकण उघडताच काटा धाडकन खाली येतो तो ह्या नगण्य हवेची वार्ता सांगतो. पानातली खरी ठेव तेवढ्या वेळात हललेलीही नसते. जो काट्याबरोबर कासावीस होऊन घडोघडी पाणी ओततो आणि घडोघडी झाकण उघडतो, तो हवेची सेवा करतो आणि पानाला छळतो. सदुसष्ट की एकोणसत्तर हा वाद फोल आहे. त्या दोहोंपैकी जो अंक महिनोन्महिने कायम राहील तोच उत्तम.

वाळलेला चिरूट पुन्हा जिवंत करायचा झाला तर हे तत्त्व अधिकच कठोरपणे पाळावे लागते. त्याला एकदम सत्तरीच्या हवेत टाकले की आतले भरण फुगते आणि तलम कापा फाटते. म्हणून प्रथम साठीच्या आसपास, मग काही आठवड्यांनी पासष्टीला, असे पायरीपायरीने त्याला चढवावे लागते. एवढे करूनही उडून गेलेली तेले परत येत नाहीत, आणि म्हणून राखण्याचे मोल दुरुस्तीहून सदैव मोठे. जो चिरूट कधी वाळलाच नाही आणि कधी भिजलाही नाही, त्याच्यातला उग्र अमोनिया मात्र वर्षांच्या ओघात ओसरतो, चवीचे कंगोरे झिजतात, आणि वळणाऱ्याच्या हातूनही जे साधले नव्हते ते मार्दव त्यात उतरते. त्या घडणीत राखणाऱ्याचा वाटा एवढाच की त्याने योग्य हवा एकदा निर्माण केली आणि पुढे आपला उतावळा हात आवरला. माझ्या मते एवढा संयम ज्याला साधला त्याने निम्मी कारागिरी केली, आणि तिचे श्रेय त्याने निःसंकोच घ्यावे.