संत्र्याचे स्कोन आणि मजुरीचा रकाना

बेकरीचा पदार्थ म्हटला की तो विकत आणायचा, घरी करायचा नाही, अशी आपल्या घरांतली जुनी समजूत आहे. भाकरी घरची, पाव बेकरीचा. पाहुणे आले की पोराच्या हातात पैसे देऊन त्याला कोपऱ्यावर पिटाळायचे, तो खारी नाहीतर टोस्ट घेऊन येणार. फार तर दिवाळीच्या तोंडावर मैदा, रवा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून भट्टीवर न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची. तिथेही भाजणारा भट्टीवाला. आपण आपले ओळीत उभे. त्यामुळे आम्ही या पानावर स्कोन नावाच्या पदार्थाविषयी लिहितो आहोत हे पाहून काही भगिनी हसतील. हसून घ्यावे, पण पुढे वाचावे. विषय खाण्याचा असला तरी तो हिशेबापर्यंत जातो आणि हिशेब हे तर आमचे पोटापाण्याचे काम.

स्कोन म्हणजे पाव आणि बिस्कीट यांच्या मधला प्रकार. वरून खरपूस, आतून मऊ, हाताने फोडला की सहज दोन भाग होतात. यीस्ट लागत नाही, अंडेही लागत नाही. दिसायला साहेबी. इंग्लंडात डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांत त्यावर आधी साय लावायची की आधी जॅम, यावरून वर्षानुवर्षे वाद चालतो. पोट भरलेल्यांचे वाद असेच असतात. परंतु स्कोनचा जन्म मात्र स्कॉटलंडातला, आणि तोही गरिबाच्या चुलीवरचा. ओट्सचे किंवा बार्लीचे पीठ कालवायचे, गोल थापायचे, लोखंडी तव्यावर भाजायचे आणि तुकडे करून खायचे. १५१३ साली गॅविन डग्लस या स्कॉटिश कवीने व्हर्जिलच्या महाकाव्याचा अनुवाद पूर्ण केला, त्यात हा शब्द सापडतो. म्हणजे आपल्या भाकरीचा हा लांबचा चुलतभाऊच म्हणायचा. फुगवटा त्याला पुष्कळ उशिरा आला. १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने बेकिंग पावडर तयार केली, कारण त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हते. बायकोच्या पोटाची काळजी म्हणून नवऱ्याने एवढा खटाटोप केल्याची उदाहरणे कमीच.

आमच्या उत्तर नागपुरातल्या घरात स्कोन आला तो पुतण्यामुळे. तो एका हॉटेलच्या बेकरी विभागात कंत्राटावर होता. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेल बंद पडले आणि कंत्राटावरची पोरे सर्वांत आधी घरी आली. त्याच सुमारास दादांचे गुडघे गेले. रखवालदाराची नोकरी उभ्याने करायची असते, ती सुटली. पुतणी नर्सिंगला होती, तिची फी थांबवून चालणार नव्हते. घरात ओव्हन नव्हता. हातातली कला तेवढी होती, आणि बाजारात संत्री होती.

संत्र्याच्या गावात राहून संत्र्याची साल आपण फेकून देतो, हे पुतण्याने आम्हांला पहिल्यांदा जाणवून दिले. स्वाद रसात नसतो, सालीत असतो. सालीच्या केशरी थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. मुले मेणबत्तीजवळ साल दाबतात आणि ज्योत तडतडते, ते हेच तेल. रस घातला तर पीठ नुसते ओले होते आणि वास भाजताना उडून जातो. म्हणून साल किसायची. इथे नागपुरी संत्र्याची एक अडचण आहे. त्याची साल सैल असते, किसणीवर दबते, घसरते. यासाठी फळ घट्ट, ताजे पाहून घ्यावे आणि सोलण्याआधी, अख्खे असतानाच किसावे. केशरी तेवढेच घ्यावे. खालचा पांढरा पापुद्रा कडू. बाजारात जी संत्री फार चकाकतात त्यांच्यावर मेणाचा लेप असू शकतो, ती कोमट पाण्यात चोळून धुवावीत. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येऊ लागतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या काळात कागदी लिंबाची साल चालते, मात्र ती पातळ असते, किसणी हलकी फिरवावी.

आता कृती. पाव किलो मैदा घ्यावा. अर्धी कणीक घातली तरी चालते, स्कोन थोडा जड होतो पण पोटाला आधार देतो. त्यात दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दोनदा चाळावे. सोडा हात राखून घालावा, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. मसाल्यात अर्धा चमचा वेलचीपूड, पाव चमचा दालचिनी, तेवढीच सुंठ, आणि जायफळ अगदी दोन वेळा किसणीवर फिरवण्याइतके. मसाला घरी ताजा कुटलेला असावा. दोन संत्र्यांची किसलेली साल चाळीस ग्रॅम साखरेत घालून बोटांनी चोळावी. साखर ओलसर होते आणि खोलीभर वास सुटतो. ही युक्ती पुतण्याची.

साठ ग्रॅम लोणी थंडगार हवे. वितळलेले नको, तूपही नको. त्याचे बारीक तुकडे करून पिठात बोटांच्या टोकांनी चोळायचे, तळहात लावायचा नाही, कारण तळहाताच्या उष्णतेने लोणी विरघळते. पीठ रव्यासारखे दिसू लागले की थांबावे. हे चोळण्याचे काम आमच्याकडे आमच्यावर आहे. आयुष्मती म्हणतात की, फायली हाताळून आमची बोटे कायम थंड असतात. मग सालीची साखर मिसळावी आणि दही व दूध सारखे घेऊन, सगळे मिळून अर्ध्या वाटीपेक्षा थोडे जास्त, हळूहळू ओतावे. दह्याची आंबट आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि स्कोन फुगतो. म्हणून एकदा कालवले की गप्पा मारत बसू नये. आणि मळू तर मुळीच नये. आपल्या भगिनींना हेच सर्वांत जड जाते. पीठ दिसले की मळायचे, ही सवय लहानपणापासूनची. पण मळले की पिठाला चिवटपणा येतो आणि स्कोन दगड होतो. गोळा खडबडीतच राहू द्यावा.

ओव्हन असेल तर बोटाच्या दोन पेरांइतका जाड थापून, वाटीने सरळ दाबून गोल कापावेत आणि २२० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे भाजावेत. ओव्हन नसेल तर काही अडत नाही. पुतण्याने कुकरमध्ये मीठ घालूनही पाहिले होते. पण कोरडा कुकर तापवणे आम्हांला पटत नाही, रबर आणि शिट्टी काढायला कुणी विसरले तर भलतेच व्हायचे. त्यापेक्षा मूळ स्कॉटिश रीतच बरी. जाड लोखंडी तव्यावर किंचित पीठ भुरभुरावे, दीड सेंटिमीटर जाडीची गोल भाकर थापावी, आठ त्रिकोणी तुकडे कापून जरा अंतराने ठेवावेत, वर झाकण. आच अगदी मंद. सात-आठ मिनिटांनी उलटावेत, पुन्हा तेवढाच वेळ. बाजू ओलसर दिसल्या तर तुकडे उभे करून थोडे शेकावेत. ज्यांच्या हाताला भाकरीची सवय आहे त्यांना आच सांगावी लागत नाही.

तर हे स्कोन वहिनींनी विकायला सुरुवात केली. आधी वस्तीत, मग जवळच्या एका सोसायटीत. वस्तीतली एक म्हातारी आत्या म्हणाली होती, "आपल्या हातचं कोण घेते, माय?" आम्ही तिला म्हटले, जमाना बदलला. सोसायटीत एका बाईंनी चव घेतली, फार आवडली, दोन डझनांची मागणी सांगता सांगता त्यांनी आडनाव विचारले. वहिनींनी सांगितले. मागणी पुढच्या आठवड्यावर गेली, आणि तो आठवडा काही अजून उजाडलेला नाही. त्याच जिन्यावर वरच्या मजल्यावर एक शिक्षिका राहतात, त्या मात्र दर शनिवारी सोळा नेतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत म्हणून दोन्ही लिहिल्या.

परंतु आम्हांला जे सांगायचे आहे ते आडनावाचे नाही, भावाचे आहे. वहिनी एक स्कोन बारा रुपयांना देत होत्या. "नफा होतो का?" विचारले तर म्हणाल्या, "होते की, भाऊजी." आम्ही बी.कॉम. झालेलो, कागद-पेन्सिल घेतली. एका खेपेचा, म्हणजे आठ स्कोनचा खर्च असा आला: मैदा ११ रुपये, लोणी ३६, साखर २, दही-दूध १०, संत्री १२, मसाला आणि बेकिंग पावडर मिळून ९, गॅस ५. एकूण ८५. संत्र्यांचा गर मुले खातात म्हणून तो धरू नका, असे वहिनींचे म्हणणे होते, आम्ही धरला. विक्री ९६ रुपयांची. उरले ११. आणि चाळणे, किसणे, चोळणे, भाजणे, भांडी घासणे यात गेला एक तास.

"मग यात तुमची मजुरी कुठे आहे?" आम्ही विचारले.

"माझी कशाची मजुरी लावता, भाऊजी? मी तर घरीच असते."

हे वाक्य आम्ही बचत गटांच्या बैठकांत इतक्या वेळा ऐकले आहे की ते भिंतीवर लिहून त्यावर काट मारावीशी वाटते. पापड लाटणारी, गोधडी शिवणारी, मसाला कांडणारी, सगळ्या हेच म्हणतात. पिठाची किंमत वहीत, तेलाची किंमत वहीत, हातांची किंमत कुठेच नाही. गावकीची कामे आमच्या आजोबांनी अशीच केली. सांगावा न्यायचा, सरपण फोडायचे, वाटेवर राबायचे, आणि त्याचा रकाना कुणाच्याच वहीत नव्हता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते राबणाऱ्याच्या कामाला निश्चित मोबदला मिळावा म्हणूनच. ज्या कामाला दाम लिहिलेला नसतो ते काम कुणीही, कितीही मागू शकतो. मग मागणारा गावचा पाटील असो की घरचा माणूस.

वहिनींना हे पटले, पण भाव वाढवायला त्या तयार नव्हत्या. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर एक स्कोन अठराच्या वर जात होता, आणि अठराला वस्तीत कोण घेणार? तेव्हा उपाय वेळेत शोधावा लागला. रोज एक खेप करण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस चार-चार खेपा, दोन शेगड्यांवर दोन तवे. साल एकदाच किसायची, मसाला एकदाच कुटायचा, भांडी एकदाच घासायची. चार खेपांना चार तास लागत नाहीत, दोन लागतात. बत्तीस स्कोन, भाव १५, विक्री ४८०. सामान ३४०, कागद १६. उरले १२४. त्यात दोन तासांची मजुरी १२०, आणि नफा ४ रुपये. चारच. पण आता तो नफा होता, आधीचा होता तो वहिनींच्याच घामातून काढलेला.

वस्तीतली दोन-तीन गिऱ्हाइके पंधरा ऐकून गेली. एक महिन्याने परत आले.

पुतण्याला पुढे दुसऱ्या बेकरीत काम लागले, पुतणी पास होऊन दवाखान्यात रुजू झाली. स्कोन मात्र चालूच आहेत. वहिनींच्या वहीत आता सामानाशेजारी मजुरीचा रकाना आहे, लाल शाईने आखलेला. मागच्या महिन्यात आम्ही ती वही चाळली, तर त्यात तासाला ६० च्या जागी ७० लिहिलेले. आम्हांला विचारले नव्हते. भाव पंधराच. मग जमते कसे, म्हणून पाहिले तर लोण्याची ओळ गायब. चौकशी केली तेव्हा कळले की, दुधावरची साय साठवून लोणी आता घरीच निघते. सायीलाही किंमत धरावी लागते, हे सांगायला येत्या रविवारी जायचे आहे. चहाबरोबर स्कोन मिळतीलच. पैसे मात्र रोख द्यावे लागतात, दिराला उधारी नाही.