चित्रेचे वजन

चैत्री पौर्णिमेला वडनेर भोलजीला जाण्याचा आमचा नेम बाबा गेल्यानंतरही मोडलेला नाही. आम्ही बहीणभाऊ, दोघेही मराठीचे एम.ए., दोघेही निरनिराळ्या गावच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे. नांदुऱ्याच्या १०५ फुटी मारुतीपाशी त्या दिवशी असणारी गर्दी चुकवत घर गाठायचे, आणि जेवणे झाली की धाब्यावर सतरंजी टाकून चित्रा पाहायची. सप्तर्षींच्या शेपटाची कमान पुढे नेली की आधी तांबूस स्वाती लागते, मग निळसर पांढरी चित्रा. ही वाट बाबांनी दाखवलेली. शेतकरी म्हणून त्यांना चित्रा नकोशीच होती. ऑक्टोबरात फुटलेल्या कपाशीवर पडणारा चित्रेचा पाऊस म्हणजे वर्षाचे नुकसान. त्या दिवसांत सूर्यच त्या नक्षत्रात असल्याने ही चांदणी दिसत नाही, हेही त्यांनीच सांगितले होते.

चित्रा ही एक चांदणी नाही, हे आम्हांला फार उशिरा कळले. १८९० मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅमच्या वेधशाळेत फोगेल यांनी तिच्या वर्णपटातील रेषा मागेपुढे सरकताना पाहिल्या आणि ती जोडी असल्याचे ओळखले. सुमारे अडीचशे प्रकाशवर्षांवरचे हे दोन तारे चार दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी घेतात. त्यांच्यातील अंतर बुध आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या सुमारे एकतृतीयांश. इतक्या जवळिकीने दोघांचेही आकार ओढले जाऊन लांबट झाले आहेत. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे, यांचे जेमतेम सव्वा कोटी. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन, यांपैकी मोठ्याचा सुमारे २५,०००. दुर्बिणीतून मात्र ते वेगळे दिसत नाहीत.

मग त्यांचे वजन कसे केले? मोठ्या ताऱ्याचा आपल्या दिशेचा वेग सेकंदाला सुमारे १२० किलोमीटरने कमीजास्त होतो, लहानाचा सुमारे १९० ने. जो हलका, तो अधिक धावतो. या दोन वेगांवरून वजनांचे प्रमाण मिळते. पण प्रत्यक्ष वजन मिळत नाही, मिळते ते ‘किमान’ वजन. कारण त्यांची कक्षा आपल्या नजरेला किती कललेली आहे, हे वर्णपट सांगत नाही. काही जोड्यांत एक तारा दुसऱ्याला झाकतो आणि हा कल उमगतो. चित्रेच्या बाबतीत ती सोय नाही. ऑस्ट्रेलियातील नाराब्री येथे हॅनबरी ब्राउन (जन्म १९१६, आपल्याच निलगिरीतील अरुवनकाडूचा) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तुळाकार रुळांवर साडेसहा मीटर व्यासाचे दोन आरसे फिरवत ठेवून चित्रेचा प्रकाश दोन ठिकाणांहून एकाच वेळी टिपला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून कक्षेचा कल, अंतर आणि वजने हाती आली. आजच्या मोजणीनुसार मोठा तारा सूर्याच्या सुमारे ११ पट आहे आणि लहान सुमारे ७ पट.

आमच्या व्यवसायात आम्ही ‘किमान’ हा शब्द सहसा वापरत नाही. एका कोनातून दिसलेल्या माणसाचे पुरते वजन सांगून मोकळे होतो. “अल्पशिक्षित शेतकऱ्याने मुलगा आणि मुलगी दोघांनाही एम.ए. केले,” हे वाक्य आम्ही किती वर्गांत, किती निरोपसमारंभांत उच्चारले असेल! घरात माय सतत धावताना दिसे आणि बाबा ओट्यावर स्थिर बसलेले. त्या स्थिरपणालाच आम्ही वजन मानले होते.

बाबा गेल्यावर त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या चाळताना, ताईच्या एम.ए.च्या प्रवेशाच्या महिन्यात, जमेच्या बाजूला एकच शब्द सापडला: ‘पाटल्या’. कोणाच्या, कशासाठी, काही नाही. गेल्या चैत्रात धाब्यावर आम्ही मायला ते विचारले.

“मीच देल्ल्या काढून. तुह्या बाबाले पटत नव्हतं. मंग पटलं.”

ती एवढेच बोलली आणि सतरंजीची कड सारखी करू लागली.

बाबांचे वजन यामुळे उणे झाले असे आम्हांला वाटत नाही. न पटलेले पटवून घेणे आणि ती नोंद स्वतःच्या हाताने लिहून ठेवणे, यालाही काही वजन असतेच. मायचे बोलणे हाही एक कोनच आहे, हे आम्ही जाणतो. पण दुसऱ्या ठिकाणाहून पाहायला आम्हांला वीस वर्षे लागली, आणि तोवर दोघांपैकी एकच जण सांगायला उरले होते.

ते जुने वाक्य आता आम्ही वर्गात म्हणत नाही. नवे अजून जुळलेले नाही.